थांबलेल्या यंत्राचा हिशेब

आष्ट्याहून इचलकरंजीस जाणाऱ्या माणसाला गाव डोळ्यांनी दिसण्याआधी कानांनी ऐकू येते. मागांचा खडखडाट तेथे रात्रंदिवस चालू असतो. त्या गावची एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. मागांच्या आवाजात गाढ झोपलेले लहान मूल माग थांबले की जागे होते. चालणे हा तेथला नित्याचा क्रम, आणि थांबणे ही घटना. आजच्या व्याख्यानाचा विषय ह्या घटनेचाच आहे.

यंत्रयुगाच्या इतिहासात यंत्रे कोणी आणली, भांडवल कोणी घातले, उत्पादन किती वाढले, हे आपण वाचतो. यंत्र किती वेळा थांबले, थांबल्यावर त्याच्याकडे कोण धावले, आणि धावणारा येईपर्यंत ते किती वेळ उभे राहिले, याचा इतिहास क्वचित कोणी सांगतो. वस्तुतः गेल्या शंभर वर्षांतील गिरणी कामगारांचे अनेक मोठे झगडे ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरले आहेत. आज इंजिनिअर मंडळी कारखाना उभारण्यापूर्वी संगणकात त्याची एक नक्कल चालवून पाहतात. तिला सिम्युलेशन म्हणतात. आपण लुटुपुटीचा कारखाना म्हणू. त्या लुटुपुटीच्या कारखान्यात प्रत्येक यंत्राबद्दल दोन आकडे घालावे लागतात : किती वेळ चालल्यावर ते बिघडते, आणि बिघडल्यावर किती वेळात पुन्हा चालू होते. ह्या दोन आकड्यांवरून खात्यात माणसे किती ठेवायची हे ठरते. म्हणून हा विषय जितका इंजिनिअरांचा तितकाच कामगारांचाही आहे.

आपल्या भागापासून सुरुवात करू. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी बसविला. संस्थानाधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्यास उत्तेजन होते. हातमागावर विणकर आणि माग एकमेकांना बांधलेले असतात. विणकराचा हात थांबला की माग थांबतो. यंत्रमाग आला आणि ही गाठ सुटली. माग आपल्या शक्तीने चालू लागला आणि माणसाकडे उरले ते मुख्यतः थांबलेला माग पुन्हा चालू करण्याचे काम. ताण्याचा धागा तुटला तर तो सांधायचा, कांडी संपली तर नवी घालायची, धोटा अडकला तर सोडवायचा, त्याहून मोठे काही झाले तर जॉबरला हाक मारायची. माग चालू असताना माणूस मोकळा, हे दिसताच मालकाच्या मनात प्रश्न उभा राहिला : मग ह्या माणसाने एकच माग का सांभाळावा? दोन का नाही? चार का नाही?

हा प्रश्न मुंबईत 1928 साली पेटला. तेव्हा आपला वाळवे तालुका सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 साली आणि त्याला सांगली हे नाव मिळाले 1960 साली. साताऱ्याची आणि रत्नागिरीची हजारो माणसे गिरणगावातील चाळींत राहत होती. गिरणीत मागाला साचा म्हणत. मुंबईचा विणकर सामान्यतः दोन साचे सांभाळी. 1928 च्या आरंभी सॅसून गटाच्या गिरण्यांतून नवी पद्धत सुरू झाली : विणकराने तीन साचे पाहावे, कताई खात्यातील साईडरने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्या. लँकेशायरचा विणकर चार साचे चालवतो, मग मुंबईकराने तीन का चालवू नयेत, असा मालकांचा युक्तिवाद होता. कामगारांना त्यात दोन गोष्टी दिसल्या. तीनांतील एक माणूस घरी जाणार, आणि राहिलेल्यांची धावपळ वाढणार. एप्रिलमध्ये संप सर्वत्र पसरला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. संयुक्त संपसमितीत ना. म. जोशी होते, श्रीपाद अमृत डांगे होते, आणि स्वतः गिरणीत काम केलेले अर्जुन आत्माराम आळवे होते. संप मिटताना समितीच्या सतरा मागण्या सर चार्ल्स फॉसेट यांच्या चौकशी समितीपुढे गेल्या, आणि 1929 मध्ये तिचा अहवाल आला.

त्या वादात कामगारांचा एक मुद्दा असा होता की लँकेशायरचे सूत वेगळे आणि आमचे वेगळे. हलक्या कापसाचे सूत अधिक तुटते, हवा कोरडी असली की आणखी तुटते. चार साचे सांभाळणे ही हाताच्या चपळाईची गोष्ट आहे त्याहून अधिक धाग्याच्या ताकदीची आहे. हा मुद्दा बरोबर होता. परंतु तो किती बरोबर होता हे आकड्यांत मांडण्याचे साधन तेव्हा दोन्ही पक्षांजवळ नव्हते. मालक म्हणत जमेल, कामगार म्हणत जमणार नाही, आणि निकाल अखेर पोटाच्या ताकदीवर लागत असे. ज्या लँकेशायरचा दाखला मुंबईत दिला जात होता, तेथेही 1931 साली बर्नली गावी चाराऐवजी आठ साच्यांचा प्रश्न निघाला आणि टाळेबंदी झाली. म्हणजे चार हा आकडाही कोठे ब्रह्मदेवाने लिहून ठेवला नव्हता.

हे साधन जन्माला आले ते गिरणीपासून दूर, कोपनहेगनच्या टेलिफोन कचेरीत. तेथे एर्लांग नावाचा डॅनिश गणिती नोकरीस होता. टेलिफोन करणारी माणसे एकमेकांना विचारून टेलिफोन करीत नाहीत. कधी दहा मिनिटे कोणी हाक मारीत नाही, तर कधी एका मिनिटात पाच हाका येतात. अशा लहरी हाकांना उत्तर देण्यास किती जोडण्या लागतील, याचे गणित त्याने 1909 पासून मांडण्यास सुरुवात केली. पुढे लोकांच्या ध्यानात आले की थांबलेला साचा ही अशीच एक हाक आहे. 1933 साली रशियातील गणिती खिंचिन यांनी यंत्रांच्या सरासरी खोळंब्यावर निबंध लिहिला. 1947 साली टेलिफोनच्या गणितातूनच आलेल्या स्वीडनच्या कॉनी पाल्म यांनी एका माणसाकडे किती स्वयंचलित यंत्रे द्यावीत याचा हिशेब मांडला. 1951 साली इंग्लंडात बेन्सन आणि कॉक्स यांनी तोच विषय पुढे नेला. कॉक्स हे लीड्स येथे लोकरधंद्याच्या संशोधन संस्थेत काम केलेले गृहस्थ.

ह्या सर्वांनी जे सांगितले ते एका साध्या उदाहरणाने आपणांस समजेल. आकडे मी सोयीसाठी गोल घेतो. समजा, एक माग सरासरी दहा मिनिटे चालल्यावर थांबतो आणि त्याला पुन्हा चालू करण्यास सरासरी दोन मिनिटे लागतात. बारा मिनिटांत दोन मिनिटे हाताचे काम. तर एका माणसाला सहा माग द्यावे, त्याची बाराही मिनिटे भरतील, प्रत्येक माग बारांपैकी दहा मिनिटे चालेल, आणि सहा मागांवर पाच मागांचे कापड निघेल. त्रैराशिकाचा हा हिशेब तिसरी-चौथीतील मुलगाही करील.

पण माग रांगेत उभे राहून पाळीपाळीने थांबत नाहीत. एकाचा धागा सांधत असताना दुसऱ्याची कांडी संपते, तिसऱ्याचा धोटा अडकतो. मग दुसरा आणि तिसरा माग नुसते उभे राहतात. त्यांना दुरुस्तीला वेळ लागत नाही, माणसाची वाट पाहण्यास लागतो. उलट कधी सहाही माग सुरळीत चालतात आणि माणूस हात बांधून उभा राहतो. तुटणे लहरीने येते आणि दुरुस्तीचा वेळही कमीजास्त होतो असे धरून गणित केले, तर सहा मागांवर पाचांचे नव्हे, जेमतेम चार मागांचे कापड निघते. त्याच हिशेबाने चार मागांवर तीन मागांचे, आणि आठ मागांवर साडेचारांहून थोडे अधिक. सहावरून आठवर गेल्यास दोन माग वाढतात, कापड मात्र अर्ध्याहून थोड्या अधिक मागाचे वाढते. आणि सहा माग असताना तो माणूस कामात असतो शंभरातील ऐंशी-एक्याऐंशी मिनिटे. म्हणजे पाचवा हिस्सा वेळ माणूस रिकामा दिसतो आणि तरीही माग खोळंबलेले असतात. दोन्ही गोष्टी एकाच पाळीत खऱ्या असतात. खात्यातून फेरी मारणाऱ्या मास्तराला माणूस रिकामा दिसला तर तो म्हणणार, हा आळशी आहे. माग उभा दिसला तरीही म्हणणार, हा आळशी आहे. वास्तविक त्या माणसाने दोन्ही वेळा काहीच चुकविलेले नसते.

आता सूत वाईट घ्या. दहाऐवजी पाच मिनिटांनी धागा तुटू लागला, की चार मागांवर तीनऐवजी दोनाहून किंचित अधिक मागांचे कापड पडते. 1928 च्या कामगाराचा सुताविषयीचा मुद्दा किती वजनाचा होता, हे ह्या उदाहरणावरून दिसते. ज्याला पिकावर मजुरी मिळते त्याच्या घरातील पीठ ह्या हिशेबावर अवलंबून असते.

परंतु गणित झाले तरी त्यात घालावयाचा आकडा खरा हवा. तो मिळवावा कसा? ह्या प्रश्नावर मँचेस्टरच्या शर्ली संस्थेतील टिपेट यांचे काम मला फार मोलाचे वाटते. एका साच्याजवळ घड्याळ घेऊन दिवसभर बसण्यापेक्षा, खात्यातून वेळोवेळी जावे, त्या क्षणी प्रत्येक साचा चालू आहे की बंद, बंद असेल तर कशासाठी, आणि माणूस काय करतो आहे, एवढेच टिपावे. अशी पुष्कळ टिपणे जमली की त्यांतून खरे प्रमाण निघते. ही पद्धत त्यांनी 1935 साली प्रसिद्ध केली. ह्याच टिपेट यांनी 1927 साली जनगणनेच्या अहवालांतील आकडे उचलून 41,600 अंकांचे एक पुस्तक छापले होते. त्या अंकांत कसलाही क्रम नव्हता, आणि हेच त्यांचे महत्त्व. पिशवीत चिठ्ठ्या घालून काढल्या तर त्या नीट मिसळत नाहीत. म्हणून यदृच्छेने आलेले अंक छापूनच दिले. कोणास हे वेड्याचे पुस्तक वाटेल. पण लहरीने होणारे थांबणे कागदावर उभे करायचे तर असे अंकच लागतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर संगणक आले आणि ही कागदावरची लहर यंत्रावर खेळता येऊ लागली. इंग्लंडातील युनायटेड स्टील कंपनीत टोचर यांनी 1950 नंतरच्या दशकात पोलादाच्या कारखान्यांसाठी अशी एक सर्वसाधारण आज्ञावली रचली आणि 1963 साली ह्या कलेवर ग्रंथ लिहिला. अमेरिकेत गॉर्डन यांची आज्ञावली 1961 साली पुढे आली. तेव्हापासून लुटुपुटीचा कारखाना ही इंजिनिअरांची नेहमीची वस्तू झाली.

आपल्या देशातही त्या काळी एक वेगळा प्रयोग झाला. 1953 साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत, इंग्लंडहून आलेल्या राइस यांच्या सल्ल्याने, 224 स्वयंचलित साच्यांच्या एका खात्याची रचना बदलण्यात आली. आधी विणकराकडे काही साचे, कांड्या भरणाऱ्याकडे त्याहून अधिक, तुटलेला ताणा सांधणाऱ्याकडे आणखी वेगळे, अशी वाटणी होती. एक साचा थांबला की कोणाची हाक कोणाकडे जायची याचाच मेळ नसे. नवीन रचनेत सात माणसांचा एक गट आणि त्याच्याकडे 64 साचे, अशी वाटणी झाली. गट कामगारांनी स्वतः जुळविले. उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. साचे तेच होते. हाक आणि धावणारा यांच्यामधले अंतर तेवढे कमी झाले होते.

येथे स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचे सभासद असलेल्या एका कारखान्यात चाराऐवजी सहा माग देण्याचा प्रस्ताव आला. सोबत संगणकातून काढलेला कागद होता. सहा मागांवर पाच मागांचे कापड निघते, असे त्यावर स्पष्ट लिहिले होते. मी तो कागद सभेत हातात धरून म्हणालो, हे सगळे थोतांड आहे, संगणकाला घाम येत नाही. टाळ्या पडल्या. पण पुढील महिनाभर माझ्या जवळ टाळ्यांखेरीज काही नव्हते, आणि बोलणी जागची हलली नाहीत.

मग एका तरुण जॉबरने मला विचारले, "साहेब, हे दोन मिनिटं त्यांनी कुठून आणलं?" तेव्हा मी तो कागद प्रथमच नीट वाचला. दुरुस्तीचे दोन मिनिटे जॉबरच्या नोंदवहीतून घेतली होती; पाना लावल्यापासून पाना काढेपर्यंतची ती वेळ. माग थांबल्यापासून पाना लागेपर्यंतचा वेळ कोणत्याच वहीत नव्हता. आणि त्या लुटुपुटीच्या कारखान्यात प्रत्येक माग घड्याळ लावल्यासारखा बरोबर दहा मिनिटांनी थांबत होता, एकामागून एक, शहाण्या मुलांसारखा.

आम्ही शाळेच्या वह्या आणल्या. प्रत्येक मागाजवळ तीन वेळा लिहायच्या : माग थांबला केव्हा, हात पोचला केव्हा, माग चालला केव्हा. दोन आठवडे लोकांनी कंटाळत, चुकत, एकमेकांना रागावत त्या लिहिल्या. बेरीज केली तेव्हा हाताच्या कामापेक्षा वाट पाहण्याचा वेळ मोठा निघाला. पण समोरच्या पक्षाला तो आळस वाटू शकतो, हे मला ठाऊक होते. म्हणून आम्ही त्यांचेच आकडे घेऊन खेळ मांडला. पाटीवर सहा माग काढले. एका डब्यात दहा चिंचोके टाकले, त्यांतील एकावर चुन्याची खूण केली. दर मिनिटाला प्रत्येक चालू मागासाठी एक चिंचोका काढायचा आणि परत टाकून डबा हलवायचा; खुणेचा आला की तो माग थांबला. दुरुस्तीसाठी फोडलेला चिंचोका फेकायचा, जसा आपण पटावर फेकतो. पांढरी बाजू वर आली की दुरुस्ती पुरी. माणूस एकच, म्हणून फेकायचा तो एका वेळी एकाच मागासाठी. एक पाळी म्हणजे 480 मिनिटे खेळायला आम्हांला दोन संध्याकाळी लागल्या. पाच मागांचे कापड काही निघाले नाही. चाराच्या आसपास निघाले. ज्या आकड्यासाठी मी संगणकाला शिव्या दिल्या होत्या, तो आकडा चिंचोक्यांनी दुरुस्त केला.

तो डबा आम्ही बोलणीच्या टेबलावर ठेवला. कारखान्याचा तरुण इंजिनिअर प्रथम हसला, मग स्वतः चिंचोके काढू लागला. त्याने आपल्या नकलेत लहर घातली, वाट पाहण्याचा वेळ निराळा घातला, आणि पुढल्या बैठकीत नवा कागद आणला. आम्ही सर्व काही जिंकलो असे नाही. बारीक सुतावर पाच माग मान्य करावे लागले. जाड्या, तुटक्या सुतावर चारच राहिले, आणि पाळीला एक मदतनीस वाढला. आधीच्या महिन्यात कापड कमी पडले म्हणून ज्यांची मजुरी कापली होती, त्यांना ती परत मिळाली नाही. वही महिनाभर आधी सुरू केली असती तर ती कापलीच गेली नसती. ती चूक माझी होती.

ही गोष्ट मागांपुरतीच आहे असे आष्टेकरांनी समजू नये. साखराळे असो, वाळवा असो, आपल्या भोवतीचे साखर कारखाने म्हणजे एक लांबच लांब ओळच आहे. गव्हाणीत पडलेली मोळी रस होते, रस उकळतो, दाट होतो, त्याची साखर पोत्यात जाते. मधले एक टोक अडले की मागचे सर्व अडते, कारण रस फार वेळ साठवून ठेवता येत नाही. हंगामाच्या अहवालात वाया गेलेले तास कारणांप्रमाणे मांडलेले असतात : उसाअभावी, यंत्राच्या बिघाडाने, विजेने, सफाईसाठी. हे चांगलेच आहे. तथापि त्या तक्त्यातील एक तास हा फाटकाबाहेरच्या गाडीवानाचा एक तास नव्हे. गव्हाण पुन्हा सुरू झाली तरी साचलेली रांग लगेच हटत नाही. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते. तोडणीवाल्याची पुढची खेप बुडते. यंत्राचे थांबणे संपते तेथे माणसाचे थांबणे संपत नाही.

तात्पर्य, ह्या शंभर वर्षांच्या इतिहासाने मला तीन गोष्टी शिकविल्या. सरासरीने थांबण्याचा हिशेब पुरा होत नाही. थांबणे घोळक्याने येते. दुरुस्ती आणि वाट पाहणे ही दोन खाती आहेत, ती एका रकान्यात घातली की दोष नेहमी यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसावर येतो. आणि नोंद करणाऱ्या हातांत कामगाराचाही हात असला पाहिजे, कारण माग केव्हा थांबला हे प्रथम त्यालाच कळते.

1928 साली गिरणगावात उपाशी बसलेल्या आपल्या आजा-पणजांजवळ हे गणित नव्हते. आपणांजवळ ते आहे. त्याला लागणारी वही कोणत्याही दुकानात मिळते आणि चिंचोके घरोघरी असतात. उद्या आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या कारखान्यात कोणी असा कागद पुढे केला, तर तो फाडू नका आणि डोक्यावरही धरू नका. त्यातील दोन आकडे कोठून आले, एवढे आधी विचारा.